पोट्टं हट्टी नाही, त्याला तुमची भाषा येत नाही

बातमीच्या निमित्ताने अंगणवाड्यांत जाणं होतं. आहाराचा दर्जा, गळकं छत, थकलेलं मानधन, बहुतेक वेळा एवढ्याच बातम्या. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मध्ये राज्यभर सेविका-मदतनीस संपावर होत्या तेव्हाही पेपरात आलं ते मानधन आणि बंद पडलेली खिचडी. तीन ते सहा वर्षांचं पोट्टं तिथं दिवसभर कसं वागतं, का रडतं, का गप्प बसतं, याची बातमी होत नाही.

मागे झरी जामणी तालुक्यातल्या एका अंगणवाडीत बसलो होतो. सेविका ताई मनापासून काम करणाऱ्या. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेल्या चार वर्षांच्या एका पोराकडे बोट दाखवून हळूच म्हणाल्या, "भाऊ, दोन महिने झाले, एक शब्द बोलला नाही. गाणं म्हण म्हटलं की पाठ फिरवते. डोक्यानं जरा कमी वाटते."

दुपारी त्याची मोठी बहीण न्यायला आली. अंगणवाडीचा उंबरा ओलांडला आणि जो बोलायला लागला, तो पोडाच्या वाटेला लागेपर्यंत थांबलाच नाही. सगळं कोलामीत.

राजेहो, कोलामी ही मराठीची बोली नाही. ती तेलुगू, गोंडीच्या कुळातली द्रविड भाषा आहे. कोलामीत पाण्याला 'ईर' म्हणतात. आता चार वर्षांचा जीव 'ईर' मागतो आहे, समोरच्या बाईला ते कळत नाही, आणि ती 'पाणी पाहिजे का' विचारते ते त्याला कळत नाही. तो काय करेल? रडेल, नाहीतर गप्प बसेल. रडला तर हट्टी, गप्प बसला तर मंद. आपल्याकडे दोन्ही शिक्के तयारच असतात.

लहान मूल अनोळखी भाषेत जाऊन पडलं की काही आठवडे, कधी काही महिने नुसतं ऐकतं. जगभर मुलं असंच करतात. परदेशात गेलेल्या आपल्या मराठी घरांतली पोरंही तिथल्या बालवाडीत सुरुवातीला अशीच मुकी होतात. फरक इतकाच, की त्यांचे आईबाप शिक्षिकेशी जाऊन बोलू शकतात. पोडावरची माय कापूस वेचायला गेलेली असते.

पुसद, दिग्रस, दारव्ह्याकडे या, तिथं तांडे आहेत. घरात गोरमाटी. आईला 'याडी', भाकरीला 'बाटी'. गोरमाटी मराठीच्या जवळची, म्हणून तिथलं पोरगं लवकर सावरतं. पण पहिल्या दिवशी त्याच्यासाठीही अंगणवाडी परमुलखातलीच.

हे फक्त पोड-तांड्याचं आहे असं समजून यवतमाळ, वणीतल्या मंडळींनी खुश होऊ नये. माझ्या भावाचा मुलगा साडेतीन वर्षांचा. घरात वऱ्हाडी, आणि नर्सरी इंग्रजी. तीन महिन्यांत शाळेचा निरोप आला, 'बसत नाही, ऐकत नाही, दुसऱ्याला चावतो.' भाऊ म्हणाला, "लय हट्टी झालं पोट्टं, काय करू?" मी विचारलं, शाळेत त्याला शूला जायचं असलं तर कसं सांगतो? भावाला माहीत नव्हतं. नंतर कळलं, तो सांगतच नव्हता, दाबून बसायचा. इंग्रजीतलं वाक्य पाठ नव्हतं ना. अशा अवस्थेतलं पोरगं चावणार नाही तर काय करेल?

या वयाचं थोडं समजून घेतलं तर बरेच फटके वाचतात. तिसऱ्या वर्षी 'मला पाहिजे' पूर्ण तयार असतं, ते मांडायचे शब्द अर्धेच असतात. स्वतःला आवरायचं काम मेंदूचा कपाळामागचा भाग करतो, तो पुरता तयार व्हायला विशी उलटावी लागते. 'पाच मिनिटं थांब' यातली पाच मिनिटं म्हणजे किती, हे त्याला समजत नाही. 'भात शिजला की जाऊ' हे समजतं. जमिनीवर लोळून रडणं हे नाटक कमी आणि वादळ जास्त असतं. जवळ बसायचं, लागू द्यायचं नाही, ओसरलं की बोलायचं. रागावलेल्या मुलाला 'तुला राग आला ना' एवढं त्याच्या भाषेत म्हटलं, तरी त्याला रागासाठी एक शब्द मिळतो.

आपण मात्र मोबाईल देतो. पोरगं गप्प होतं, पण गप्प होणं शिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त पडदा नको, कमी असेल तितकं बरं. आपल्याकडे एक तास तर जेवणातच जातो.

यातलं बरंचसं महाराष्ट्राला जुनंच माहीत आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हेच केलं. आदिवासी पोरं बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. १९७५ मध्ये केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली आणि तो देशभर गेला. शब्द गेला, अंगण मागे राहिलं. आज सेविकेचा निम्मा जीव वजन, उंची आणि पोषण ट्रॅकरमध्ये अडकलेला. ॲपला नेट लागतं आणि झरीच्या कितीतरी गावांत नेट शोधायला टेकाडावर जावं लागतं, ते वेगळंच.

आता मुद्द्याचं. पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२२ मध्ये आला, त्यात तीन ते आठ वर्षांच्या मुलांना घरच्या भाषेतून शिकवा असं स्पष्ट आहे. आणि २०२३ पासून आपल्या राज्यात सेविकेलाच नाही, मदतनिसालाही बारावी पास लागते. आधी मदतनिसाला सातवी पुरत होती. शिक्षण वाढवायला माझा विरोध नाही. पण कोलाम ही राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. पोडावर बारावी झालेली बाई किती ठिकाणी मिळेल? नाही मिळाली की जागा गावातल्या मराठी बोलणारीला जाते, आणि त्या खोलीत 'ईर' म्हणजे काय हे सांगणारं एकुलतं मोठं माणूस कमी होतं.

पोडावरच्या अंगणवाडीत निदान मदतनीस तरी कोलामी बोलणारी हवी, शिक्षणाची अट तिच्यासाठी शिथिल करून, हवं तर नंतर शिकवून. हा निर्णय मुंबईत व्हायचा आहे, पण मागणी जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीतून जाऊ शकते.

एक गोष्ट मात्र भाषेवर ढकलू नका. तीन वर्षांचं मूल घरच्या भाषेतही दोन-तीन शब्द जोडत नसेल, हाकेला वळत नसेल, नजर देत नसेल, किंवा आधी येत असलेले शब्द विसरलं असेल, तर 'बापही उशिराच बोलला होता' म्हणून थांबू नका. आधी कान तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येणं अपेक्षित आहे, तपासणी फुकट असते. तुमच्या गावात ते शेवटचं कधी आलं, सेविकेला विचारा आणि तारीख मला कळवा. कमेंटमध्ये मुलाचं नाव टाकू नका, गावाचं आणि तालुक्याचं पुरे.