बार्थ यांचा नकार आणि दिल्लीतलं भाषण

सेमिनरीत धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ अभ्यासाला आले तेव्हा ते मला मुळीच पटले नाहीत. निसर्गातूनही देवाची थोडीफार ओळख पटते, एवढंच एमिल ब्रुनर हे दुसरे धर्मशास्त्रज्ञ म्हणत होते. त्यावर बार्थ यांनी १९३४ मध्ये पुस्तिका काढली आणि तिचं नावच ठेवलं 'नाही!' आमच्या मंडळीत पीक घरात आलं की उपकारस्तुतीची उपासना होते. बाजरीची कणसं, भोपळे, पाय बांधलेली एखादी कोंबडी वेदीपुढे येते आणि नंतर सगळ्याचा लिलाव होतो. या माणसांना 'नाही' कोणत्या तोंडानं सांगायचं?

मग जर्मनीतला तो काळ वाचला. हिटलर सत्तेवर येताच 'जर्मन ख्रिस्ती' म्हणवणाऱ्या गटाला वंशात, मातीत आणि १९३३ च्या घडामोडींत देवाची वाणी ऐकू येऊ लागली. त्याविरुद्ध मे १९३४ मध्ये बार्मेन इथं भरलेल्या मंडळ्यांच्या सभेनं जाहीरनामा काढला. ऐकायचा तो ख्रिस्त हा देवाचा एकच शब्द. त्याच्याशेजारी दुसरी घटना, सत्ता किंवा व्यक्ती प्रकटीकरण म्हणून बसवायची नाही. मसुदा मुख्यतः बार्थ यांचा. हिटलरशी बिनशर्त निष्ठेची शपथ घ्यायला ते तयार नव्हते. १९३५ मध्ये बॉनमधली प्राध्यापकी गेली. त्या पुस्तिकेतला चिडका सूर मला तेव्हा कळला.

तरी निसर्गात देव शोधण्याच्या त्या धाकानं नुकसानही झालं. तारण म्हणजे माणूस आणि त्याचा इतिहास, एवढंच उरलं. नदी-डोंगर धर्मशास्त्राच्या वेशीबाहेर. ही कोंडी फोडायचा मोठा प्रयत्न आपल्या दिल्लीत झाला, याचं मला अजून अप्रूप वाटतं. नोव्हेंबर १९६१ मध्ये जागतिक मंडळी परिषदेच्या तिसऱ्या महासभेत जोसेफ सिटलर हे अमेरिकन लुथरन उभे राहिले आणि कलस्सैकरांस पत्राचा पहिला अध्याय धरून बोलले. सर्व काही ख्रिस्ताच्या द्वारे निर्माण झालं, तर त्यानं केलेलं तारण सृष्टीला वगळून कसं होईल? पर्यावरणाची हाकाटी तेव्हा सुरूही व्हायची होती. सभेत सगळ्यांना ते रुचलं नाही.

आता दुष्काळात विहिरीपाशी प्रार्थना करताना मला सिटलर लागतात. पण कुणी पुढाऱ्याला देवानं धाडलेला म्हणू लागला की बार्थ यांच्यावाचून भागत नाही. तरुण पाळकांना एवढीच विनंती: कलस्सै १:१५–२० आणि बार्मेनचं पहिलं कलम एकाच बैठकीत वाचा.