बारा इंचांवर एक सूत

पेडलवर उभं राहून जोर दिला की 'खट्' आवाज यायचा आणि पाय एकदम दोनेक सेंटिमीटर खाली जायचा. गणेशखिंडीच्या चढावर हे पहिल्यांदा स्पष्ट जाणवलं. मागे पीएमपीची बस असताना पायाखालचा आधार असा निसटला की पोटात गोळा येतो. चढ संपून सपाटी लागली की सायकल पुन्हा निमूट चालायची. चेन उतरलेली नसायची, काही तुटलेलंही दिसायचं नाही.

सायकल घडीची. सोळा इंची चाकं, मधे दोन बिजागऱ्या, दुमडली की सीटखाली मावेल एवढं गाठोडं. इंग्लंडमध्ये नोकरीला होतो तेव्हा घेतली आणि परतताना सामानातून आणली. शिवाजीनगरला लोणावळा लोकल पकडायची, तळेगावला उतरायचं आणि पुढचं अंतर सायकलने कापायचं, असा माझा क्रम. तिला तीन गिअर आहेत, पण एकही बाहेर दिसत नाही. ते सगळे मागच्या चाकाच्या हबमध्ये बंद आहेत. लहान चाकाच्या सायकलीला ही व्यवस्था सोयीची पडते. नेहमीच्या गिअरच्या सायकलीत खाली लोंबणारं ते नाजूक यंत्र इथे जमिनीला टेकायला आलं असतं. शिवाय हबमधला गिअर सिग्नलला उभ्या उभ्या बदलता येतो.

पण जे दिसत नाही त्याच्यावरच संशय आधी जातो. ज्या ज्या मित्राला सांगितलं त्याने एकच निदान केलं, "हब गेला." सायकलींच्या एका मोठ्या दुकानातही तेच ऐकलं. हब उघडणारं इथे कुणी मिळायचं नाही, अख्खं चाकच मागवा. चाकाची किंमत ऐकल्यावर मी ठरवलं, आधी दोष कुठे आहे ते शोधू, पैसे मग मोजू.

असे हब काही नवलाईचे नाहीत. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने तीन गिअरचा हब 1902 मध्ये आणला. 1936 मध्ये आलेलं त्यांचं 'एडब्ल्यू' हे मॉडेल मूळ रचना फारशी न बदलता कित्येक दशकं बनत राहिलं. 2000 मध्ये नॉटिंगहॅमचा कारखाना बंद झाला आणि हे काम तैवानला गेलं. आतली रचना ग्रहमालिकेची. मधोमध आसाला पक्कं बसवलेलं वीस दात्यांचं सूर्यचक्र, त्याच्याभोवती फिरणारी वीस-वीस दात्यांची ग्रहचक्रं आणि त्या सगळ्यांना वेढणारं साठ दात्यांचं कडं. दुसऱ्या गिअरला चाक चेनच्या चक्राइतकंच फिरतं, तिसऱ्याला त्याहून एक तृतीयांश जास्त, पहिल्याला एक चतुर्थांश कमी. इतकी वर्षं टिकलेली ही यंत्रणा एका चढावर हार मानेल, हे मला पटेना.

मग पायातला जोर चाकापर्यंत कसा पोचतो ते कागदावर ओळीने लिहिलं: पेडल, पुढचं चेनव्हील, चेन, मागचं छोटं चक्र, हब, रिम. हे लिहिताच एक गोष्ट लख्ख दिसली. गिअर बदलतो तो चेनच्या पुढे, हबच्या आत. आपण कुठल्या गिअरमध्ये आहोत हे चेनला कळतच नाही. तिच्यावरचा ताण ठरतो फक्त पायाच्या जोराने. म्हणजे दोष हबमध्ये असेल तर तो एखाद्या गिअरला जास्त आणि एखाद्याला कमी दिसायला हवा. चेनमध्ये असेल तर तिन्ही गिअरना सारखाच दिसेल.

रविवारी पहाटे रस्ता मोकळा असताना तोच चढ तिन्ही गिअरमध्ये चढलो. तिन्ही वेळा उभं राहून जोर दिला आणि तिन्ही वेळा 'खट्' झालं. या प्रकारच्या हबमध्ये पहिल्या गिअरला जोर पेलणारे खटके वेगळे असतात, दुसऱ्या-तिसऱ्याला वेगळे. दोन्ही जोड्यांनी एकाच वेळी मान टाकावी हा योगायोग जरा जास्तच झाला असता.

दुसरी शंका तारेची. गिअरची तार ढिली पडली तर या जातीच्या जुन्या हबांत दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे एक पोकळ जागा सापडते. तिथे पेडल गरकन रिकामं फिरतं आणि गुडघ्याला हिसका बसतो. तार नीट आहे का हे पाहण्याची सोय हबवरच असते. उजव्या बाजूच्या लांबट नटला एक खिडकी असते. दुसरा गिअर टाकून तिच्यातून पाहायचं. आतली काडी आसाच्या टोकाशी जुळलेली हवी. माझी जुळलेली होती. शिवाय माझं पेडल गरकन फिरत नव्हतं, मोजकंच खाली जात होतं. किती? पुढच्या चेनव्हीलला पन्नास दाते, पेडलचा दांडा 170 मिलिमीटरचा. चेन एक दाता पुढे उडाली तर पेडल एका फेरीच्या पन्नासाव्या भागाइतकं सरकणार, म्हणजे साधारण 21 मिलिमीटर. पायाला जाणवणारे दोन सेंटिमीटर ते हेच.

आता चेन मोजायची. सायकलच्या चेनमध्ये एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत अर्धा इंच असतो, म्हणून चोवीस कड्यांचे नेमके बारा इंच भरायला हवेत. स्टीलची पट्टी लावली. चोविसावी पिन बारा इंचांच्या पुढे चांगली एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, निघाली. चेन वाढते म्हणजे लोखंड ताणतं असं नाही. प्रत्येक पिन आणि तिच्याभोवतीची जागा थोडी थोडी झिजते आणि ती झीज कडीगणिक साठत जाते. मेट्रोच्या कामांच्या दिवसांत पुण्याच्या रस्त्यांवर जी बारीक धूळ उडाली, ती चेनवरच्या तेलात कालवली की पॉलिश पेपरचंच काम करते. अर्धं सूत वाढ दिसली की चेन बदलावी, एक सूत झाली तर मागचं चक्रही गेलं समजावं, असा हिशेब आहे.

पेठेतल्या जुन्या सायकल दुकानातल्या काकांकडे गेलो. त्यांनी मोजमाप न ऐकताच चेनव्हीलच्या पुढच्या टोकाला चेन चिमटीत धरून ओढली. ती दात्यापासून चांगली वर आली. "साहेब, चेन दात सोडतीये," ते म्हणाले, "हबला हात नका लावू."

आधी गिअरच्या तारेला जोडलेली इवलीशी साखळी त्यांनी आसातून मोकळी केली, मग चाक काढलं. मागच्या चक्राला अवघे तेरा दाते. पुढच्याला पन्नास असल्यामुळे मागच्या प्रत्येक दात्याच्या वाट्याला जवळजवळ चौपट फेऱ्या येतात, म्हणून आधी तेच झिजतं. सगळे दाते एका अंगाला झिजून आकड्यासारखे वाकडे दिसत होते. वाढलेली चेन अशा दात्यांवर खोल बसत नाही. जोर आला की उतारावरून चढते आणि पुढच्या दात्यावर उडी मारते.

"नवं चक्र इथं मिळायचं नाही, मागवावं लागेल," मी म्हणालो.

"येईल तेव्हा येईल. तोवर पालथं घालू."

स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्यांनी चक्र जागेवर धरणारी तारेची कडी उचकटली, चक्र तीन खाचांतून बाहेर काढलं, उलटं केलं आणि परत बसवलं. दाते ज्या अंगाने झिजले होते ते अंग आता मागे गेलं. चेन ओढणार ती बाजू कोरी होती. चक्र सपाट होतं म्हणून हे जमलं. खोलगट चक्र असतं तर चेनची रेष एका बाजूला सरकली असती. त्यावर मी आणलेली नवी चेन चढवली आणि ताण देणाऱ्या स्प्रिंगच्या दांडीची दोन्ही चाकं मोकळी फिरतात ना तेही पाहिलं. गणेशखिंडीत तिन्ही गिअरमध्ये उभं राहून जोर दिला. एकदाही 'खट्' झालं नाही. पुढे नवं चक्र आल्यावर तेही बसवलं. हब कुणी उघडला नाही.

राहून राहून मला त्या महागड्या चाकाचा विचार येतो. ते मागवलं असतं तर बहुधा त्याच्यावर नवं कोरं चक्रही बसवलेलं आलं असतं. कोऱ्या दात्यांवर माझी झिजलेली चेनसुद्धा काही काळ न उडता चालली असती, आणि हब गेला होता हे सगळ्यांना सिद्ध झालं असं वाटलं असतं. मलाही. मग त्याच चेनने हळूहळू नवे दाते खाल्ले असते आणि पुन्हा 'खट्' झाल्यावर आम्ही दुसऱ्या हबला नावं ठेवली असती. दुरुस्ती लागू पडली म्हणजे निदान बरोबर होतं असं नाही. म्हणून काही बदलण्याआधी मी मोजून घेतो, आणि चेन अर्धं सूत वाढली की थांबत नाही.