आकडा वाढला, पण कुणामुळे?

‘तू छान लिहितेस ना? मग ही जाहिरात तूच लिही!’

फ्रीलान्सरचं आयुष्य अशाच वाक्यांवर चालतं. त्यामुळे मी नेहमीसारखं, काहीही विचार न करता ‘हो’ म्हणून टाकलं. जाहिरात कसली, तर एम अँड ई कन्सल्टंट हवाय. मी समजल्यासारखी मान डोलावली आणि घरी आल्या आल्या गूगल केलं. एम अँड ई म्हणजे मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन. सरकारी मराठीत संनियंत्रण व मूल्यमापन. आणि आपल्या मराठीत सांगायचं, तर एखाद्या प्रोजेक्टवर पैसे खर्च झाले, त्याचं नेमकं झालं काय, हे बाहेरच्या माणसाने येऊन तपासायचं.

संस्था पुण्यातली. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं वाईट नाहीत आणि मला अजून कामं हवी आहेत! त्यांचा प्रोजेक्ट होता दोन छोट्या नगरपरिषदांमधला, घरपट्टीचा. परदेशी देणगीदाराच्या पैशातून मिळकतींचा नव्याने सर्व्हे, कम्प्युटरवर नोंदी, वेळेवर बिलं आणि मग वाढीव वसुली. तीन वर्षं संपत आली होती, शेवटचं मूल्यमापन व्हायचं होतं. रिपोर्ट चांगला आला तर पुढच्या टप्प्याचे पैसे. नाही आला तर... ऑफिसात वीस-बावीस जण होते. बहुतेक माझ्याच वयाचे, निम्म्यांचे होम लोनचे हप्ते चालू.

‘टॅक्स आणि डेव्हलपमेंट? हे काय कॉम्बिनेशन आहे?’ माझ्या रूममेटने विचारलं. मलाही तोच प्रश्न पडला होता. विकास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शाळा, विहिरी, बचत गट. पण विकासासाठी पैसा आणायचा कुठून, यावर २०१५ मध्ये अदिस अबाबाला संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. तिथे ‘अदिस टॅक्स इनिशिएटिव्ह’ सुरू झाला. गरीब देशांना आपला कर आपल्याला नीट गोळा करता यावा, यासाठीची मदत वाढवायची, असं मदत देणाऱ्या देशांनी ठरवलं. कल्पना साधी आहे. देणगी आज आहे, उद्या नाही. घरपट्टी मात्र दर वर्षी येते, आणि तिच्यातूनच गावातले दिवे, गटारं, रस्ते होतात.

असो. तर जाहिरात. ती काही ‘पाहिजे’ सदरातली चार ओळींची जाहिरात नव्हती. तिला टीओआर म्हणतात, टर्म्स ऑफ रेफरन्स. कन्सल्टंटने कोणत्या प्रश्नांची उत्तरं शोधायची, किती दिवसांत, कुणाकुणाशी बोलून, हे सगळं त्यात आधीच लिहायचं. मी जुने नमुने मागवले. बहुतेकांत तीच सहा मापं. काम गरजेचं होतं का, इतर कामांशी जुळतं का, ठरवलं ते साधलं का, पैसे आणि वेळ नीट वापरले का, परिणाम काय झाला आणि ते टिकेल का. ही ओईसीडीची यादी. १९९१ पासून त्यात पाच मापं होती, २०१९ मध्ये ‘जुळतं का’ हे सहावं आलं. मी सहाच्या सहा कॉपी-पेस्ट केली आणि वर ठळक अक्षरात पहिला प्रश्न टाकला, ‘प्रकल्पामुळे वसुली किती वाढली?’ झकास! डिरेक्टर सर एकदम खूश.

त्या वीकेंडला घरी गेले. बाबा नगरपरिषदेच्या कर विभागात होते, आता रिटायर झालेत. लहानपणी माझ्यासाठी मार्च महिना म्हणजे वार्षिक परीक्षेची भीती आणि घरात नसलेले बाबा. रविवारीसुद्धा वसुलीला बाहेर. मी मोठ्या कौतुकाने टीओआर त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचला आणि विचारलं, ‘थकबाकी आणि चालू मागणी वेगळी नाही केलीस?’

‘म्हणजे?’

मग पोह्यांच्या बशा बाजूला सारून बाबांनी माझा क्लास घेतला. वसुलीत दोन भाग असतात. एक यंदाचं बिल, ती चालू मागणी. दुसरी मागच्या वर्षांची थकबाकी. एखाद्या वर्षी शास्ती माफ करायची, म्हणजे दंड सोडून द्यायची योजना आली, की वर्षानुवर्षं न भरलेले लोक रांगेत उभे राहतात. आकडा टुणकन वर! पुढच्या वर्षी पुन्हा खाली. शिवाय नगरपरिषदेत चार वर्षांतून एकदा फेरआकारणी होते. तेव्हा मुळात बिलंच वाढतात.

‘यात तुमच्या कम्प्युटरचं कर्तृत्व किती, ते कसं कळणार?’ बाबा म्हणाले.

मला आमच्या ग्रुपमधला एक जण आठवला. दिवाळीत सेल वाढला, की अप्रेझलमध्ये तो स्वतःच्या नावावर टाळ्या घेतो. तुमच्याही ऑफिसात असेल असा एखादा!

मी उठत होते, तेवढ्यात बाबा म्हणाले, ‘अजून एक. आम्ही दारं वाजवत फिरायचो. पण कुणाचं दार वाजवायचं नाही, तेही आम्हाला माहीत असायचं. ते तुमच्या रिपोर्टात येतं का बघ.’

सोमवारी मी टीओआरमध्ये दोन प्रश्न वाढवले. वाढलेल्या वसुलीत थकबाकी किती आणि चालू मागणी किती? आणि कुणाकडून वसुली होतच नाही? सरांनी वाचलं. ‘छान आहे गं, पण स्कोप वाढतोय. बजेटमध्ये नाही बसणार.’ दुसरा प्रश्न उडाला. पहिला मागे परिशिष्टात जाऊन बसला.

चौदा प्रस्ताव आले, तीन शॉर्टलिस्ट झाले. एक होती मोठी फर्म, चकाचक स्लाइड्सवाली. एक निवृत्त अधिकारी. पण त्यांनीच सुरुवातीला या प्रोजेक्टला सल्ला दिला होता. आपला पेपर आपणच कसा तपासणार? म्हणून ते बाद. आणि तिसऱ्या नागपूरच्या एक मॅडम. सोबत एकच सहायक.

मॅडमनी मुलाखत दिली नाही, आमचीच घेतली. ‘प्रोजेक्ट सुरू होण्याआधीचे आकडे आहेत का? प्रोजेक्ट नसलेल्या शेजारच्या नगरपरिषदांशी तुलना करू द्याल का? या तीन वर्षांत शास्ती माफी झाली होती का?’ मला तर बाबाच समोर बसलेत असं वाटलं. मग शेवटचा प्रश्न, ‘रिपोर्ट वाईट आला, तर तो देणगीदाराकडे जसाच्या तसा जाईल ना?’ त्यावर खोलीत फक्त एसीचा आवाज.

त्यांनी एक उदाहरणही दिलं, पाकिस्तानातल्या पंजाबचं. मी नंतर ते शोधून वाचलं. अदनान खान, असीम ख्वाजा आणि बेंजामिन ओल्केन या अर्थतज्ज्ञांचा हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे प्रॉपर्टी टॅक्स गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांना वसुलीनुसार इन्सेंटिव्ह देऊन पाहिला. वसुली वाढली, अगदी खरोखर वाढली. पण ती वाढ आली थोड्याच मिळकतींमधून, ज्यांची नव्याने आकारणी झाली. बाकी बहुतेकांचं बिल होतं तेवढंच राहिलं, आणि त्यांना द्यावी लागणारी लाच मात्र वाढली. नुसतं वसुलीचं रजिस्टर बघितलं असतं, तर पैकीच्या पैकी मार्क! लोकांच्या घरी जाऊन विचारलं, म्हणून दुसरी बाजू कळली.

मार्क द्यायला आम्ही चौघं होतो. कामाच्या दर्जाला ७०, फीला ३०. दर्जासाठी मी मॅडमना ६१ दिले, फर्मला ५२. शीट सरांना मेल केली. दहा मिनिटांत फोन.

‘तुझ्या मार्कांबद्दल मला काही म्हणायचं नाही. फक्त त्यांची टीम फार छोटी आहे ना, तेवढा निकष परत एकदा बघतेस का?’

आवाज अगदी प्रेमळ. माझं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेरीस संपत होतं.

मी परत बघितलं. ६१ चे ५० केले.

काम फर्मला मिळालं. रिपोर्ट देखणा आला. वसुलीचा हिरवा बाण वर जाणारा, हसऱ्या नागरिकांचे फोटो. पुढचा टप्पा मंजूर झाला, ऑफिसात केक कापला. माझं कॉन्ट्रॅक्टही वाढलं. कुणी लाच घेतली नाही, कुणी खोटं लिहिलं नाही. आकडा खराच होता. तो कुणामुळे वाढला, हे विचारणारं माणूस तेवढं आम्ही आणलं नाही. आणि त्या ‘आम्ही’त माझे अकरा मार्क होते.

दिवाळीला घरी गेले तेव्हा बाबांनी तो रिपोर्ट मागून घेतला. शेवटच्या पानापर्यंत चाळला.

‘थकबाकी वेगळी कुठंय?’

‘परिशिष्टात असेल,’ मी म्हटलं. आम्ही दोघांनी मिळून शोधलं. नव्हती. मग मी त्यांना ६१ आणि ५० चं सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता रागावतील. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘मीही काही दारं वाजवली नव्हती गं.’ आणि चहा टाकायला आत निघून गेले.

आता दुसऱ्या टप्प्याचं मधलं मूल्यमापन आहे. टीओआर पुन्हा माझ्याकडेच आलाय. ‘मागचाच घे आणि तारखा बदल,’ असा निरोप होता. मी तारखा बदलल्या. थकबाकीचा प्रश्न परिशिष्टातून उचलून पहिल्या पानावर आणला. कुणाचं दार वाजत नाही, हा प्रश्न त्याच्या खाली. त्यासाठी फील्डचे दिवस वाढवले आणि ते बजेटमध्ये कुठून काढता येतील तेही लिहिलं. रिपोर्ट कुणीही न बदलता देणगीदाराला जाईल, अशी एक ओळ घातली. आणि सरांना मेल करताना शेवटी लिहिलं, ‘मागच्या वेळी नागपूरच्या मॅडमना दिलेले माझे खरे मार्क ६१ होते.’

सेंड दाबताना हात थरथरला, खोटं कशाला सांगू!

त्याला आज चार दिवस झाले. अजून उत्तर नाही. बाबा मात्र रोज संध्याकाळी फोन करून विचारतात, ‘आलं का गं काही?’