दुधातलं तांबं

आमच्या आत्याचं लग्न तिच्या आतेभावाशी झालं होतं. कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत, त्यात कुणाला वावगं वाटायचं कारण नव्हतं. पण सत्तरच्या दशकात तिचा पहिला मुलगा दीड वर्षाचा असताना पोट फुगून गेला आणि धाकट्यालाही तेच सुरू झालं, तेव्हा हेच लग्न सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायला लागलं. ‘दोन्हीकडचं रक्त एकच, दुसरं काय होणार,’ असं शेजारणी बोलायच्या. सासूबाई जोतिबाला नवस बोलून आल्या. आत्या गप्प.

दुखण्याची सुरुवात फसवी होती. पोरगं किरकिर करायचं, खायचं नाही, रात्री झोपायचं नाही. हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं वर. पुढं डोळे पिवळे झाले, पोटात पाणी झालं. डॉक्टरांनी बरगडीखाली बोटं दाबून यकृताची टणक, धारदार कड चाचपली आणि आत्याच्या नवऱ्याला बाहेर बोलावून घेतलं. घरात या दुखण्याला ‘लिव्हर’ एवढंच म्हणत. अमक्याच्या पोराला लिव्हर झालं, म्हटलं की पुढचं कुणी विचारत नसे.

पाठ्यपुस्तकात याचं नाव ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस’. कलकत्त्यात 1887 साली याची पहिली नोंद झाली आणि त्यानंतर बराच काळ हा आजार वंशातून येतो, असाच अनेकांचा संशय होता. तो अगदीच खुळचट नव्हता. एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन भावंडं जात, ती बहुधा खाऊनपिऊन सुखी अशा हिंदू घरांतली असत आणि त्यात मुलगे जास्त. एवढ्या खुणा दिसल्यावर कुंडल्या आणि गोत्रं तपासली गेली, चूल मात्र कुणी तपासली नाही.

ती तपासली पुण्यात. केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर या मुलांच्या यकृताचा माग काढला. निरोगी माणसाच्या यकृतात, वाळवून मोजलं तर, ग्रॅममागे साधारण 50 मायक्रोग्रॅमच्या आत तांबं असतं. या मुलांच्या यकृतात ते कित्येक पटींनी जास्त निघत होतं. 1983 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या मंडळींनी बोट ठेवलं ते दुधाच्या भांड्यावर. मग आयांना बसवून विचारणं झालं: अंगावरचं दूध कधी सुटलं, वरचं कधी लावलं, तापवलं कशात, ठेवलं कशात? आजारी मुलांच्या घरी वरचं दूध लवकर सुरू झालेलं होतं आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यातलं होतं. 1987 साली तेही छापून आलं.

पितळेत तांबं आणि जस्त. साधं पाणी त्यातलं तांबं फारसं ओढून घेत नाही. दुधातलं केसीन मात्र ते धरून ठेवतं. दूध तापवून त्याच भांड्यात ठेवलं, पुन्हा तापवलं, की तांबं वाढत जातं. आणि तान्ह्याचं पोट भरायचं ते सगळं त्या दुधावरच.

कल्हई असती तर? आमच्या बोळात कल्हईवाला यायचा. खड्ड्यात कोळसे, वर भाता. तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं तो आत गरगर फिरवायचा. पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. पण चिंच आणि राखेनं रोज घासघास घासलं की काही महिन्यांत पिवळा रंग परत वर येतो, आणि आत्याच्या सासरी भांडं पिवळंधमक दिसणं हीच स्वच्छतेची खूण होती. गंगावेशीतून म्हशीचं ताजं दूध यायचं ते त्यातच ओतलं जायचं. आत्याला दूध कमी, म्हणून बाळाला तिसऱ्या महिन्यापासून तेच, पाणी घालून.

तरीही रक्ताचा मुद्दा निकालात निघत नाही. ऑस्ट्रियातल्या टायरोलमध्ये 1900 ते 1974 या काळात अशाच दुखण्यानं 138 लहान मुलं गेली. तिथंही दूध तांब्याच्या बिनकल्हईच्या भांड्यांत उकळत. 1996 साली तिथल्या वंशावळी मांडल्या गेल्या, तेव्हा आईबाप दोघांकडून येणारी एखादी दुबळी बाजू आणि वर भांडं, असं दोन्ही मिळून हे घडत असावं असं दिसलं. भांडी बदलली, आजार गेला.

भांडं बदलून न जाणारे आजारही आहेतच. ट्रायकोहेपॅटोएंटेरिक सिंड्रोममध्ये जन्मल्यापासून काही आठवड्यांत न थांबणारे जुलाब लागतात, केस लोकरीसारखे राठ आणि तुटके येतात, यकृतही बिघडतं. साधारण दहा लाख जन्मांत एखादं मूल. त्यामागची दोन जनुकं 2010 आणि 2012 साली सापडली. अशा घरात नात्यातल्या लग्नाची चौकशी करणं योग्यच. आत्याच्या घरी ती पहिली झाली आणि शेवटचीही तीच, याचा मला आजही राग येतो.

पुण्यात पुढं पेनिसिलामाइन हे तांबं बाहेर काढणारं औषध वेळेत दिलेली काही मुलं वाचली आणि मोठी झाली. आत्याच्या धाकट्याच्या वेळी हे काहीच नव्हतं.

तिसऱ्या खेपेला मुलगी झाली, ती ठणठणीत. पुण्याचं संशोधन आत्याला समजावून सांगितलं, तेव्हा तिनं लगेच हिशेब जुळवला. मुलीच्या वेळी बोहारणीकडून स्टीलचं पातेलं घेतलं होतं, लग्नातला जरीचा शालू देऊन. ‘सासूबाई आठवडाभर बोलल्या नव्हत्या माझ्याशी,’ ती म्हणाली, ‘एवढ्याशा पातेल्यापायी शालू घालवला म्हणून.’