आंदणातली मुंबई

संध्याकाळी माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर बसले होते. समोर गोदी. काल ‘नेल ग्विन’ हा 1934चा चित्रपट पाहिला. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याची प्रेयसी त्याची नायिका. माझ्या मनातून मात्र चार्ल्सची राणी, पोर्तुगालची कॅथरीन जाईना. 1661च्या करारात हिच्याच आंदणात मुंबई गेली. पुढच्या वर्षी लग्न झालं आणि नवऱ्यानं प्रेयसी बार्बराला राणीच्याच महालात मानाची सेविका नेमलं. सेविकांच्या यादीतलं ते नाव राणीनं आधी खोडलं होतं! किती एकटी पडली असेल. गर्भ टिकले नाहीत. दरबारी म्हणाले, काडीमोड घ्या. चार्ल्सनं ऐकलं नाही. 1678मध्ये तिच्यावर राजालाच विष देण्याच्या कटाचा आळ आला, तेव्हाही तो तिच्या पाठीशी राहिला. हा गुंता पडद्याला का नको असतो? विधवा झाल्यावर ती माहेरी परतली, तिथला राज्यकारभारही पाहिला. मुंबई तिनं कधीच पाहिली नाही.