रक्त उशिरा गोठतं, तरी गुठळ्या?

माझ्या धाकट्या बहिणीचे दोन गर्भपात झाले. पहिला ११व्या आठवड्यात, दुसरा पाचव्या महिन्यात. पहिल्या वेळी 'होतं असं कधीकधी' म्हणणारे दुसऱ्या वेळी तिचीच उलटतपासणी घेऊ लागले. जिने चढलीस का? पपई खाल्लीस का? इंदूरला तिच्या सासरी पपई घरात येणंच बंद झालं.

नव्या डॉक्टरांनी मात्र रक्त तपासायला सांगितलं. एका तपासणीत रक्त गोठायला साधारण ३५ सेकंद लागायला हवेत, तिला ५८ लागले. आम्ही घाबरलो. रक्त गोठत नाही म्हणजे बाळंतपणात रक्तस्राव होणार! डॉक्टर म्हणाल्या, ''उलट आहे. हिच्या शरीरात गुठळ्या होण्याचा धोका जास्त आहे.''

तिच्या रक्तद्रवात निरोगी माणसाचा रक्तद्रव मिसळून पाहिला, तरी वेळ कमी झाला नाही. म्हणजे रक्तात काही कमी नव्हतं, काहीतरी आडवं येत होतं. ती होती तिच्याच शरीराने तयार केलेली अँटिबॉडी. रक्त गोठायला फॉस्फोलिपिड नावाचे स्निग्ध पदार्थ लागतात. परीक्षानळीत ही अँटिबॉडी त्यांना अडवून बसते, म्हणून रक्त उशिरा गोठतं. शरीरात मात्र तीच रक्तवाहिन्यांच्या अस्तराला आणि प्लेटलेट्सना डिवचते, मग गुठळ्या होतात. गरोदरपणात ती वारेलाही इजा करते. १९८३ साली लंडनमध्ये डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. या अँटिबॉडीचं नाव लुपस अँटिकोॲग्युलंट. नाव तरी किती फसवं! बहिणीला लुपस नाही, आणि ही रक्त पातळही करत नाही.

एका रिपोर्टवर निदान होत नाही. संसर्गानंतरही अशा अँटिबॉडी काही काळ दिसतात, म्हणून १२ आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते. ते तीन महिने तिला फार जड गेले. ''ताई, काहीच नाही निघालं तर? मग पुन्हा मीच दोषी,'' ती म्हणायची. आजार निघावा असं वाटणं मला विचित्र वाटायचं. तिला नव्हतं वाटत.

रिपोर्ट पुन्हा तोच आला.

आता तिला २८वा आठवडा सुरू आहे. अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी आणि हेपॅरिनचं इंजेक्शन रोज. हेपॅरिन वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही, हे तिने डॉक्टरांना तीनदा विचारून घेतलं. इंजेक्शन तिचा नवरा देतो. पोटावर निळे-जांभळे डाग आहेत. व्हिडिओ कॉलवर ती ते मला मोजून दाखवते. काल सासूबाई मागून म्हणाल्या, ''आजचं उजव्या बाजूला घे गं, डावीकडे जागा नाही उरली.''