पाणचक्कीच्या कट्ट्यावर

दिवाळी अंकात प्रवासावर लिहायचे तर लेखकाने निदान रेल्वेचे तिकीट तरी काढलेले असावे, असा संकेत आहे. मी केलेला सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे घरापासून लेण्यांपर्यंत, जाताना रिक्षाने आणि येताना पायी. तरी मी त्याला प्रवासच म्हणणार. ज्या गावात वीस वर्षे नोकरी केली, ते गाव मी गेल्या पावसाळ्यात प्रथम पाहिले.

निमित्त झाले एका शब्दाचे. चाचणीत मी ‘माझे गाव’ हा निबंध घातला होता. त्या महिन्यात पेपर, तक्ते, संगणकावर चढवायचे गुण आणि कुठल्याशा तपासणीच्या फायली यांनी मला पिंजून काढले होते. त्यात आमच्या नळाला त्या दिवसांत आठवड्याने पाणी येई, आणि तेही नेमके रात्री अकराला. पेपर दाखवून परत घेतले, त्या दिवशी गोदाकाठच्या एका खेड्यातली मुलगी तास संपल्यावर टेबलाशी घुटमळली. म्हणाली, “मॅडम, ‘ठीक’ म्हणजे शुद्धलेखन ठीक, का अजून काही?”

आवाजात तक्रार नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी पेपर पाहिला. दुष्काळात वडिलांनी बैलजोडी विकली, बाजारातून दावी तेवढी परत आणली, ती अजून खुंटीला आहेत, असे तिने लिहिले होते. आणि खाली माझ्या वळणदार अक्षरात ‘ठीक’. ती गेल्यावर गठ्ठा उलगडला. बेचाळीस पेपर, बेचाळीस ‘ठीक’. एकही निबंध मी वाचलेला नव्हता.

या अवस्थेला इंग्रजीत ‘बर्नआऊट’ म्हणतात, हे मागाहून कळले. फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली त्यावर लिहिले. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची नोंद केली, पण आजार म्हणून नव्हे, कामातून उद्भवणारी अवस्था म्हणून. खुणा तीन: शक्ती आटणे, कामापासून मन तुटणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. मराठीत मला ‘तळाशी लागणे’ बरे वाटते. दूध तळाशी लागते तेव्हा वरून शुभ्रच दिसते. कळते ते वासाने, आणि तो वास पहिल्यांदा दुसऱ्याच कुणाला येतो.

आमच्या गल्लीतल्या वृद्ध डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्त तपासून घेतले आणि विचारले, “बाई, दुपारी जेवता किती वाजता?” मला उत्तर देता येईना. डबा मी फायलींवरच उभ्याने संपवीत असे, कधी तसाच परत आणीत असे. त्यांनी गोळ्या दिल्या नाहीत. बसून जेवायचे, दहाला दिवा मालवायचा, फोन स्वयंपाकघरात ठेवायचा आणि संध्याकाळी तासभर कुणाच्याही कामाचे नसलेले काही करायचे, एवढेच सांगितले. पैकी शेवटचे सर्वांत अवघड. आमच्या पिढीच्या बायकांना बिनकामाचे बसणे कुणी शिकवलेलेच नाही!

म्हणून पाणचक्कीवर जाऊ लागले. खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाजवळ, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ही अठराव्या शतकातली चक्की आहे. पाहुणे आले की आम्ही त्यांना इथे आणतो, उंच भिंतीवरून हौदात पडणारे पाणी दाखवतो आणि घाईने मकबऱ्याकडे नेतो. कट्ट्यावर तासभर बसण्याची अक्कल पाहुण्यांनाही नसते आणि आपल्यालाही. पहिल्या दिवशी मी सात वेळा घड्याळ पाहिले. चौथ्या-पाचव्या दिवशी कानांना पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. म्हणजे आधी तो नुसता होता. या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. वर पाणी आणि खाली जाड खांबांमध्ये गारवा. एकेकाळी इथल्या जात्यावर फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी दळण दळत. ते दळणारे पाणी डोंगरातल्या झऱ्यातून काही मैल मातीच्या नळांनी येते.

नळांची ही विद्या शहराला मलिक अंबरने दिली. हबशी मुलूखातला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद आणि २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर. १६२६ मध्ये तो वारला. त्याच्या नहरीला पंप नव्हता. सारा कारभार उताराचा. पण बंद नळातून पाणी लांब न्यायचे तर आत हवा कोंडते, दाब वाढतो आणि नळ फुटतो. म्हणून वाटेत जागोजागी उंच मनोरे उभारले. पाणी त्यांत चढते, कोंडलेली हवा सोडते आणि पुढे जाते. जुन्या शहरात हे मनोरे अजून दिसतात. मीही त्यांच्यावरून शेकडो वेळा गेले असेन, कोसळलेल्या बांधकामाचे अवशेष समजून. रूपके शिकवण्यावर माझे पोट आहे, तेव्हा इथे रूपक करण्याचा मोह आवरते. पण त्या आठवड्यापासून दुपारचा डबा मी पिंपळाखालच्या बाकावर बसून खाऊ लागले, हे खरे.

एका रविवारी लेण्यांकडे गेले. मकबऱ्याच्या मागे डोंगरात बौद्ध लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याच्या थोरवीपुढे या बिचाऱ्यांकडे कोण पाहतो! सातव्या लेण्यात दाराशेजारी उभा अवलोकितेश्वर आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आठ संकटांत सापडलेली माणसे: आग, तलवार, बेड्या, फुटणारे जहाज, सिंह, साप, हत्ती, मृत्यू. मी बराच वेळ उभी राहिले. त्यांत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा नव्हता, हे सांगायला नकोच. पण त्या साऱ्यांना आपले संकट समोर दिसत आहे आणि त्यांनी हाकही मारली आहे. माझ्या संकटाला दात नव्हते, धार नव्हती. हाक कशासाठी मारावी हेच मला कळले नव्हते.

पायी परत आले, पाय दुखले, पडल्या पडल्या झोप लागली. अशी झोप किती वर्षांनी!

सारे सुधारले असे नाही. तक्ते आहेत तेवढेच आहेत, एक तर वाढलाच. दोन समित्यांना मात्र ‘नाही’ म्हटले, आणि आकाश कोसळले नाही. ते बेचाळीस पेपर मी पुन्हा मागून घेतले. रोज पाच वाचायचे, सहावा नाही. त्यांतले काही खरोखरच ‘ठीक’ होते, तर नऊ जणांचे गुण बदलावे लागले.

तिचा पेपर सर्वांत शेवटी ठेवला होता. शेवटचे पान झाले तेव्हा शेरा काही सुचेना. दुसऱ्या दिवशी तिला बोलावले आणि विचारले, “तू बैलांची नावे लिहिली नाहीस.”

ती चमकली. मग हसली. “एकाचं हौशा, मॅडम. दुसऱ्याला नावच नव्हतं. त्याला सगळे ‘हौशाचा’ म्हणायचे.”

मी समासात ती दोन्ही लिहून घेतली.